गाडी पिते की पोरगा?



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत आणि लग्नकार्यात भेटणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडी एक तक्रार कायम असते: "गाडी ॲव्हरेज देत नाही." पूर्वी अठरा देत होती, आता तेरावर आली. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर गेल्यापासून हा घरखर्चाचाच प्रश्न झाला आहे. दुधाचा, शिकवणीचा, औषधाचा हिशेब जिथे लिहिला जातो, त्याच वहीत पेट्रोलही लिहिलं जातं. हिशेब जुळला नाही की घरात कुणावर तरी बोट जातं. या महिन्यात अशाच एका घरची गोष्ट सांगतो. गोष्ट आमच्याच नात्यातली आहे. संबंधितांची परवानगी घेतली आहे, नावं मात्र देत नाही.

आमचे खालूजान देऊळघाटला राहतात. बुलढाण्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, पैनगंगेच्या काठचं हे गाव. त्यांचं किराणा आणि पशुखाद्याचं दुकान आहे. २०१७ ची एक छोटी पेट्रोल गाडी त्यांनी जुनी विकत घेतलेली. तिच्यावर दुकानाची किरकोळ ने-आण चालते, बुलढाण्याला बँक आणि दवाखाना होतो, महिन्यातून चार-पाच वेळा मलकापूरची फेरी होते. खालूजानच्या गुडघ्यांमुळे ते स्वतः चालवत नाहीत. गाडी चालवतो त्यांचा भाचा. बहीण बेवा झाल्यापासून माय-लेक त्यांच्याच घरी असतात. पोरगा बावीस वर्षांचा, कमी बोलणारा.

मी गेलो त्या संध्याकाळी चहा व्हायच्या आत खालूजाननी वही पुढ्यात टाकली.

"बेटा, तू गाड्यांतला माणूस. एवढंच सांग. पेट्रोल गाडी पिते की पोरगा पितो?"

पोरगा दारातच उभा होता. त्याने ऐकलं आणि काही न बोलता बाहेर निघून गेला. खालाजानने आतून सांगितलं, की दोन महिन्यांपासून घरात हेच चाललंय. मामू विचारतात, "कुठे फिरवली? कुणाला विकलं?" भाचा पहिल्यांदा कसमा खायचा, आता गप्प राहतो. पुण्याला कामाला जातो म्हणून त्याने कपडे भरून ठेवले होते. त्याची आई रोज रात्री रडत होती.

मी म्हटलं, "खालूजान, फैसला करायच्या आधी मोजूया. आत्तापर्यंत तुम्ही मोजलंच नाही."

ते चिडले. "ही वही काय आहे मग?"

वही होती, मोजमाप नव्हतं

वहीत लिहिलेलं असं: सोमवारी ५०० चं पेट्रोल, गुरुवारी ५०० चं, शनिवारी ३०० चं. काटा किती खाली आला, त्यावरून अंदाज. बहुतेक घरांत असंच चालतं. पण गाडीचा पेट्रोलचा काटा हे माप नव्हे. गाडी उतारावर उभी असेल तर तो वेगळं दाखवतो, चढावर वेगळं. अर्ध्याच्या वर हळू उतरतो आणि अर्ध्याच्या खाली झपाट्याने पडतो, असं अनेक गाड्यांत असतं. काट्यावरून कुणाला चोर ठरवता येत नाही.

खरी पद्धत सोपी आहे. टाकी फुल करायची. नोझल आपोआप बंद पडलं की तिथेच थांबायचं, वरून ठासून भरायचं नाही. मीटरचे किलोमीटर लिहून घ्यायचे. मग नेहमीसारखी गाडी चालवायची. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर, तशीच टाकी फुल करायची. दुसऱ्यांदा जितके लिटर गेले तितकं पेट्रोल मधल्या काळात जळलं. चाललेल्या किलोमीटरना त्या लिटरने भागलं की ॲव्हरेज मिळालं. पहिल्या फुल टाकीला किती लिटर गेले, त्याचा हिशेबाशी संबंध नाही. लोक नेमके इथे चुकतात.

दोन वेळा भरताना अर्धा लिटर मागे-पुढे होऊ शकतं. म्हणून जितकं जास्त अंतर, तितकं उत्तर खरं. तीन टाक्यांची सरासरी काढली तर ती विश्वासाने सांगता येते. आमच्याकडे एवढा वेळ नव्हता, म्हणून पहिल्या दिवशी एक लांब फेरी मारून पाहायचं ठरवलं.

मलकापूरची फेरी

शनिवारी सकाळी बुलढाण्याला टाकी फुल केली. भाचा चालवायला, मी शेजारी. किलोमीटर त्याच्याच हाताने वहीत लिहून घेतले. बुलढाणा पठारावर आहे आणि मलकापूर खाली. मध्ये राजूर घाट, मग मोताळा, मग मलकापूर. माल घेतला, परत आलो, त्याच पंपावर त्याच मशीनवर टाकी फुल केली. फेरी झाली ९६ किलोमीटरची. पेट्रोल गेलं ७.४ लिटर. म्हणजे लिटरला १३ किलोमीटर.

भरण्यात अर्ध्या लिटरची चूक धरली तरी उत्तर १२ ते १४ च्या मधेच राहतं. घाटाचंही धरू. गाडी आणि माणसं मिळून अकराशे किलोचं वजन साडेतीनशे-चारशे मीटर वर चढवायचं, तर हिशेबाने अर्धा लिटर पेट्रोल जास्तीचं लागतं. तेही वजा केलं तरी आकडा अठराच्या जवळपास जात नव्हता. आणि पूर्वी अठरा मिळत होते तेव्हाही हीच गाडी हाच घाट चढत होती.

मी खालूजानना एवढंच म्हटलं, "आज टाकीवर माझी नजर होती. वाटेत एक थेंब कुणी काढला नाही. तरी गाडीने तेराच दिले. तुमच्या वहीतलं जास्तीचं पेट्रोल गाडीनेच प्यायलंय."

ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पण का पितेय?"

चोरी झाली नाही हे कळलं. आता बिघाड शोधायचा होता.

पंपाने कमी दिलं का?

घरात सगळ्यांचा दुसरा संशय पंपावर होता. हा संशय मनात ठेवून पंपवाल्याला शिव्या देण्यापेक्षा मोजून घेणं बरं. प्रत्येक पंपावर वजन-मापे विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं. ग्राहकाने मागणी केली तर त्यात पेट्रोल भरून दाखवणं पंपावर बंधनकारक आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर तक्रार करता येते. माप कमी देणाऱ्याबद्दल आपल्याकडे किती कडक शब्द आहेत, हे वाचकांना सांगायला नको. पण ज्याने पूर्ण मापलं, त्याच्यावर आळ घेणं हेही कमी मापण्यासारखंच आहे. आम्ही माप मागितलं. भरलं. बरोबर निघालं.

इथेनॉलचा वाटा किती?

तिसरा संशय इथेनॉलवर. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तेवढ्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा इथेनॉलमध्ये ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अंदाज दिला आहे: १० टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीत २० टक्क्यांच्या पेट्रोलवर ६ ते ७ टक्के घट, तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्के. नव्या, त्यासाठीच बनवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के.

आता हिशेब करा. अठराचे ६ टक्के म्हणजे साधारण एक किलोमीटर. अठराचे सतरा झाले तर ते इथेनॉलमुळे. पण सतराचे तेरा झाले ते इथेनॉलमुळे नाही. मेकॅनिकने "आजकाल पेट्रोलच असं येतं" म्हणून हात झटकले तर हा हिशेब त्याला दाखवा.

जुन्या गाडीत मात्र पेट्रोलच्या रबरी नळ्या एकदा पाहून घ्याव्यात. बोनेट उघडल्यावर किंवा मागच्या सीटपाशी पेट्रोलचा वास येत असेल तर तो ॲव्हरेजचा नाही, आगीचा प्रश्न आहे. त्या दिवशी गाडी चालवू नये.

चाकांपासून सुरुवात

बिघाड शोधताना नेहमी स्वस्ताकडून महागाकडे जावं. आधी हवा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने हवेचा आकडा लिहिलेला असतो. आमच्या गाडीवर ३३ होता. चाकांत निघाली २४. पंक्चरवाल्याने अंदाजाने भरलेली, मग तीन महिने कुणी पाहिलंच नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. एक पॉइंट हवा कमी झाली की साधारण ०.२ टक्के ॲव्हरेज जातं असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे नऊ पॉइंटांनी दोन टक्के. फार नाही. पण हवा फुकट मिळते, आणि कमी हवेचा टायर उन्हाळ्यात फुटतो, ती गोष्ट वेगळीच.

मग ब्रेक. बुलढाणा-देऊळघाट रस्त्यावर शक्यतो ब्रेक न दाबता गाडी चालवली, आणि थांबल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. जवळ नेला, लावला नाही. ब्रेक तापलेला असेल तर हात भाजतो. तीन चाकं कोमट होती. मागचं डावं चाक तव्यासारखं गरम.

सपाट जागेवर बाकीच्या चाकांना दगड लावून, जॅकवर ते चाक उचललं. हँडब्रेक सोडलेला असताना चाक हाताने मोकळं फिरायला हवं. ते अडकत फिरत होतं. हँडब्रेकची केबल आत गंजून अर्धवट ओढलेलीच राहिली होती. म्हणजे गाडी गेले कित्येक महिने एक चाक धरून ठेवूनच चालत होती. दुकानासमोर उतार आहे म्हणून गाडी रोज हँडब्रेकवर उभी राहायची. त्यात पावसाळ्याचं पाणी आणि चिखल.

हे पाहताना एक काळजी घ्या. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, मुलांना जवळ उभं करू नये. जॅक निसटतो. चाक फिरवून पाहायला गाडीखाली जावं लागत नाही.

निळा दिवा

ब्रेकचं ऐकल्यावर भाचा पहिल्यांदा आपणहून बोलला.

"भाईजान, एक विचारू? तो निळा दिवा बुलढाणा येईपर्यंत जात नाही. घाट उतरताना पुन्हा लागतो. त्या गॅरेजवाल्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, निळा आहे ना, लाल नाही, मग कशाला घाबरतोस."

मोठा बिघाड याच एका वाक्याने सापडला.

अनेक छोट्या गाड्यांत इंजिनाच्या तापमानाचा काटा नसतो, फक्त दिवा असतो. लाल म्हणजे इंजिन जास्त तापलं. निळा म्हणजे इंजिन अजून थंड आहे. सकाळी गाडी सुरू केल्यावर निळा दिवा लागतो आणि दोन-चार मिनिटांत जातो. तो दहा-बारा किलोमीटर राहत असेल, किंवा उतारावर परत लागत असेल, तर इंजिन तापतच नाही.

इंजिन थंड राहिलं तर चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं नसतं. पेट्रोल इंजिन ८५ ते ९० अंशांच्या आसपास नीट चालतं. थंड इंजिनात पेट्रोलची पूर्ण वाफ होत नाही, म्हणून गाडीचा संगणक जास्त पेट्रोल सोडतो. हिवाळ्यात सकाळी चूल पेटवताना आपण जास्त फुंकतो तसंच. इंजिन तापलं की तो पेट्रोल कमी करतो. एरवी तो साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, असं वजनाचं प्रमाण राखतो. पण इंजिन तापलंच नाही तर त्याला वाटतं, गाडी आत्ताच सुरू झाली आहे. तो पेट्रोल ओततच राहतो.

इंजिन लवकर तापवायचं काम थर्मोस्टॅट व्हॉल्व्हचं. इंजिन थंड असेपर्यंत हा व्हॉल्व्ह रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवतो आणि ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. घरी तपासता येतं. सकाळी थंड गाडी सुरू करा आणि इंजिनापासून रेडिएटरच्या वरच्या बाजूला जाणारी जाड रबरी नळी पाहा. पंख्यापासून हात, ओढणी, बाही दूर ठेवा. व्हॉल्व्ह चांगला असेल तर नळी काही मिनिटं थंड राहते आणि मग एकदम गरम होते. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेली तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे, किंवा जागेवरच नाही. गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये, उकळतं पाणी तोंडावर येतं.

आमची नळी पहिल्या मिनिटापासून कोमट होत गेली. एका ओळखीच्या मुलाकडचा छोटा स्कॅनर गाडीला लावला. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली त्याचा सॉकेट असतो. अर्धा तास चालवूनही इंजिनाचं तापमान ६५ च्या वर गेलं नाही. कव्हर उघडलं तर व्हॉल्व्हची जागा रिकामी.

मग आठवण निघाली. मागच्या उन्हाळ्यात राजूर घाट चढताना गाडी तापली होती. ज्याच्याकडे नेली त्याने व्हॉल्व्ह काढून फेकला. म्हणाला, "आपल्याकडच्या उन्हात याची काय गरज?" आपल्या भागात ही सवय बरीच जुनी आहे. गाडी तापायची तात्पुरती थांबते, माणूस खूश होऊन पैसे देतो. पण तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं. इथे रेडिएटरच्या झाकणाचं रबर गेलं होतं आणि कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलेलं होतं. बोअरच्या पाण्याने आत क्षार साचतात.

पीयूसीची पावती वाचा

पीयूसीची पावती आपण पोलिसांना दाखवायला ठेवतो. ती डॉक्टरच्या रिपोर्टसारखी वाचता येते. तिच्यावर सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा आकडा असतो. पेट्रोल अर्धवट जळलं की तो वाढतो. बीएस-४ पेट्रोल गाडीला मर्यादा ०.३ टक्के. खालूजानच्या गाडीचा आदल्या वर्षीचा आकडा होता ०.१०, या वर्षीचा ०.२६. दोन्ही पावत्यांवर 'पास'. कुणी पाहिलं नाही की आकडा अडीचपट झाला आहे. जुन्या पावत्या फेकू नका. दोन पावत्या शेजारी ठेवल्या की गाडी जास्त पेट्रोल जाळतेय का, ते घरबसल्या कळतं.

हिशेब कसा जुळला

थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह नवा, रेडिएटरचं झाकण नवं, आतली सफाई करून कूलंट, हँडब्रेकची केबल बदली आणि मागचे लायनर साफ. चाकांत ३३ हवा. सगळा खर्च साडेतीन हजारांच्या आत आला. मग भाच्याने तीन टाक्या मोजल्या. सरासरी निघाली १६.५.

अठरा का नाही? कारण इथेनॉलचा वाटा कुणी दुरुस्त करू शकत नाही, आणि इंजिनही आठ वर्षांचं झालं. कुणी मेकॅनिक "अठराच काढून देतो" म्हणाला तर त्याच्यापासून जपा.

महिन्याला गाडी साधारण १५०० किलोमीटर चालते. तेराने ११५ लिटर लागत होते, साडेसोळाने ९१ लागतात. महिन्याला २४ लिटरची बचत. लिटरला १०५ रुपये धरले तर अडीच हजार. दीड महिन्यात दुरुस्ती फिटली.

तुमच्या गाडीत वेगळं निघू शकतं

घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं होत असेल तर क्लच प्लेट घसरतेय. गाडी झटके देते, धूर काळा येतो, तर प्लग किंवा ऑक्सिजन सेन्सर तपासा. इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर तो टेपने झाकू नका, स्कॅनर लावा. ऑक्सिजन सेन्सर बिघडला तर ॲव्हरेज फार मोठ्या प्रमाणात पडू शकतं. स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल, टायर एका कडेने झिजत असतील, तर अलाइनमेंट.

एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर चोंदला की पेट्रोल जास्त जायचं. इंजेक्शनच्या गाडीत संगणक हवेप्रमाणे पेट्रोल कमी करतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये गाड्यांवर तपासून हेच सांगितलं, की फिल्टर चोंदल्याने ॲव्हरेजमध्ये विशेष फरक पडत नाही, गाडीचा जोर मात्र कमी होतो. आपल्याकडच्या धुळीत फिल्टर वेळेवर बदलावाच, पण तेवढ्याने ॲव्हरेज वाढेल अशी आशा ठेवू नका.

कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडाही समजून घ्या. तो प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या वेगाने, एसी बंद ठेवून मोजलेला असतो. रस्त्यावर त्याहून कमीच मिळतं. तुलना करायची तर तुमच्या गाडीच्या कालच्या आकड्याशी करा.

आणि पाय. पेट्रोलियम बचतीचं काम करणारी पीसीआरए ही सरकारी संस्था वर्षानुवर्षं सांगते, की ताशी ८० ऐवजी ४५ ते ५५ ने चालवलं तर ४० टक्क्यांपर्यंत जास्त ॲव्हरेज मिळू शकतं. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची परवानगी आहे, म्हणून १२० ने गेलंच पाहिजे असं नाही. तिथे गाडी पेट्रोल कशी पिते ते एकदा फुल टाकी करून पाहा.

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला काही जण गाडी न्यूट्रल करतात, काही तर बंदच करतात. हे करू नका. गाडी बंद झाली की ब्रेकची मदत दोन-तीनदा दाबल्यावर संपते आणि स्टिअरिंग जड होतं. आणि यात बचतही नाही. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनात पेट्रोल जाणं जवळजवळ थांबतं. न्यूट्रलला उलट ते चालू राहतं. चढताना जो गिअर, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

वही

तिसरी टाकी भरून आली त्या रात्री जेवण झाल्यावर खालूजाननी सगळ्यांना बसवलं. बहीण होती, खालाजान होत्या, मी होतो. भाच्याला समोर बोलावलं.

"बेटा, तू दोनदा सांगितलं, गाडीत काहीतरी आहे. मी ऐकलं नाही. निळ्या दिव्याचं गॅरेजवाल्याला सांगितलंस, मला सांगायची तुला हिंमत झाली नाही, ती माझी चूक. मी तुझ्यावर बदगुमानी केली. सगळ्यांसमोर केली, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागतो."

पोरगा खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "मामू, वही आता मी लिहीन. पण दर टाकीला सही तुमची."

त्याच्या आईने पदर डोळ्यांना लावला. खालाजान उठून चहा ठेवायला गेल्या.

भरून ठेवलेले कपडे परत कपाटात गेले. पोराने बुलढाण्याच्या आयटीआयच्या मोटार मेकॅनिक कोर्सची चौकशी केली आहे. फी कोण भरणार, यावरून मामू-भाच्यात सध्या वाद चालू आहे.

वाचकहो, तुमच्या घरात गाडी तुमचा मुलगा, दीर, भाचा किंवा पगारी ड्रायव्हर चालवत असेल आणि ॲव्हरेज पडलं असेल, तर तोंडातून शब्द काढायच्या आधी दोन टाक्या मोजा. त्यातली एक त्याच्या शेजारी बसून. वही घरातल्या आपांनी किंवा भाभींनी ठेवली तर उत्तम, त्यांचे हिशेब पुरुषांपेक्षा चोख असतात. वहीत चारच रकाने हवेत: तारीख, किलोमीटर, लिटर, शेरा. शेऱ्यात 'निळा दिवा उशिरा गेला', 'मागून जळका वास आला' असं जे दिसेल ते लिहा. मेकॅनिककडे जाताना ती वही न्या. मोजून आलेल्या गिऱ्हाइकाला तो पोकळ कारण सांगत नाही.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, जुनी गाडी विकत घेण्याआधी काय काय पाहावं, ते पाहू.

खुदा हाफिज.